आधी कापलेलं शिव

बाळ, घर लहान करायचं ठरलं की जो तो तुला भांडी काढ, पुस्तकं काढ असं सांगेल. माझं ऐकशील तर आधी कापडाचं कपाट उघड. शिवणाऱ्या बाईच्या घरात जागा अडते ती कापून ठेवलेल्या आणि न शिवलेल्या कामांनी. बाह्या लावायच्या राहिलेला ब्लाउज, नुसता घेर जोडलेला परकर, आता चौथीत गेलेल्या मुलाचं झबलं. यातलं काहीच टाकवत नाही, कारण त्यात जीव गुंतलेला असतो. मग त्यावर आणखी कापड येऊन पडतं.

एकेक पिशवी उघड आणि आत चिठ्ठी टाच: कोणासाठी, काय उरलंय, दोरा-बटणं घरात आहेत का. ज्याच्यासाठी कापलं त्याच्या अंगात ते आता येणार नसेल तर काम संपलं असं समज आणि कापड मोकळं कर. जे एका दुपारी उरकेल ते आधी मशीनवर घे. साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई, जीन्सच्या ठिगळाला 16, आणि बोथट झाली की लगेच बदल. बोथट सुईने टाके सुटतात, माणूस वैतागतं आणि काम बाजूला पडतं. अर्धवट कामं अशीच साठतात. पिशव्या रिकाम्या होईपर्यंत नवं कापड घरात येता कामा नये, सेलची पाटी दिसली तरी. याबाबतीत मी कडक आहे, तूही राहा.

आजीच्या सुती नऊवारींचं काय करायचं, हे तू विचारशीलच. त्यांची गोधडी कर, पण मोजून. नऊ वार म्हणजे 27 फूट. लांबीत चार पदरी घडी घातलीस की पावणेसात फूट लांब आणि चारएक फूट रुंद होते, म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची गोधडी बसते. विरलेला भाग आतल्या पदरांत जाईल अशी घडी जमव. जमिनीवर पसरून सुरकुती राहू नये म्हणून तळहाताने सारखी कर, सगळीकडून मोठे कच्चे टाके घाल आणि मग कडेपासून धावदोरा धरून फेऱ्या घालत मध्यावर ये. टाके अगदी एकसारखे नकोत, पण दोरा ओढून घेऊ नकोस, नाहीतर गोधडी आक्रसते. घरात माणसं किती, तेवढ्याच गोधड्या, आणि पाहुण्याला एक. बाकीची लुगडी स्वच्छ धुऊन देऊन टाक. ‘गूंज’ ही 1999 पासून काम करणारी संस्था जुन्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅड बनवते. मऊ लुगड्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

बोहारीण आली तर तिलाही कपडे दे, पण बदल्यात पातेलं घेऊ नकोस. कपाटातून गेलेलं मांडणीवर येऊन बसलं तर घर कुठे लहान झालं? पैठणी मात्र कोणी भरीला घातलं तरी काढू नकोस. मलमलीत गुंडाळ, प्लॅस्टिकमध्ये नको. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नकोस आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदल. एकाच घडीवर राहिली की तिथेच चिरते.

नव्या घराची मापं शिवणाच्या टेपनेच घे, ती 60 इंचांची असते. मग इथल्या कपाटाच्या, पलंगाच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जोडून तिथल्या जमिनीवर अंथर आणि त्यांच्यामधून चालून बघ. काय न्यायचं हे पायांना बरोबर कळतं. पायाच्या मशीनवरून घरात वाद होईल. गुडघे साथ देत असतील तर स्टँडसकट ने. नसतील तर मेकॅनिकला बोलावून डोकं सोडवून घे, लाकडी बेसवर बसव आणि मोटर लावून घे. जुन्या मशीनचं डोकं मजबूत असतं, ते भंगारात देऊ नकोस. नव्या जागेत मशीन खिडकीशी, आणि जवळ प्लगचा पॉइंट हवाच.

क्रूझचंही ठरतंय असं कळलं. जरूर जा. फक्त घर बदलणं आणि बोटीवर जाणं एकाच महिन्यात नको. उन्हाळ्यात कपड्यांना ऊन दाखवायचं आणि निवडानिवड करायची, पावसाळ्यात शिवायचं, आणि अरबी समुद्र शांत झाला की दिवाळीनंतर निघायचं. निघण्याच्या पंधरा दिवस आधीपासून कात्री लावायची नाही. कापलेलं टेबलावर सोडून गेलीस तर परतल्यावर कुठला तुकडा कशाचा, हेच आठवणार नाही.

पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी सुटत, तेव्हा बायका वळकटीत गोधडी बांधून नेत आणि डेकवर अंथरून झोपत. तुम्हाला केबिन मिळेल, पण ती साधारण दीडशे चौरस फुटांची असते. नव्या छोट्या घराची ती चांगली तालीम आहे. आत काय लागतं आणि काय नुसतं लोळत पडतं, हे लिहून ठेव. बोटीवर इस्त्री नेऊ देत नाहीत, म्हणून न चुरगळणाऱ्या साड्या आणि कुर्ते घे. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन माग. तिथे हेलकावे कमी जाणवतात. परकराला आतून वीतभर खिसा शिव, तोंडाला बटण लाव. पैसे आणि ओळखपत्राची प्रत त्यात राहते. लक्षद्वीपला जाणार असाल तर परवाना लागतो. तो कोण काढणार हे आधीच विचारून घे. तिथे बोट खोल पाण्यात थांबते आणि छोट्या होडीतून उतरावं लागतं, तेव्हा दोन्ही हात मोकळे हवेत.

हातकाम बरोबर असू दे: चौकोनी तुकडे, सुई, दोऱ्याचं एक रीळ, अंगुस्तान, एवढंच. कात्री लहान घे, आणि बंदरापर्यंत विमानाने जायचं असेल तर ती चेक-इनच्या बॅगेत टाक. चढताना मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि केबिनमध्ये उशिरा पोचवतात, म्हणून औषधं हातातल्या पिशवीत. शेवटच्या रात्री त्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि मग थेट बंदरावर मिळतात. सकाळी घालायचे कपडे, चपला, औषधं आणि शिवणाची पिशवी तेवढी आधीच काढून उशाशी ठेव.