खोलीतील समुद्र

ग्रेट ब्रिटन हे बेट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील लोकांना लागणारे धान्य, तेल आणि युद्धसाहित्य यांचा मोठा भाग अटलांटिक महासागर ओलांडून जहाजांतून येत असे. ही जहाजे बुडविली, तर ब्रिटनची उपासमार होईल, हे जर्मनीने ओळखले होते. म्हणून जर्मन पाणबुड्या या जहाजांच्या वाटेवर दबा धरून बसत. पाणतीर वर्मी लागला, की हजारो टनांचे जहाज काही मिनिटांत तळाला जाई. त्यांवरील खलाशी अनेक देशांचे होते. कोकण किनाऱ्यावरील कित्येक खलाशीही ब्रिटिश व्यापारी जहाजांवर नोकरीस होते.

व्यापारी जहाजे एकटीदुकटी न जाता तांडा करून, रांगारांगांनी जात. सभोवती संरक्षक युद्धनौकांचा पहारा असे. तरीही रात्री तांड्याच्या ऐन मध्यभागी स्फोट होत. शत्रू बाहेरून, दुरूनच पाणतीर सोडतो, अशी बहुतेक अधिकाऱ्यांची समजूत होती. त्यामुळे स्फोट होताच संरक्षक नौका बाहेरच्या बाजूस धावत आणि पाणबुडी निसटून जाई.

हे कोडे सोडविण्याचे काम जानेवारी १९४२ मध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स या नौदल अधिकाऱ्याकडे आले. क्षयरोगामुळे १९३८ मध्ये त्यांना सेवेतून निवृत्त व्हावे लागले होते. लिव्हरपूल येथील डर्बी हाउस या इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांनी आपली शाळा थाटली. मदतीला नौदलाच्या महिला दलातील काही तरुणी होत्या. त्यांनी समुद्रावर लढाई केलेली नव्हती. परंतु त्यांची बुद्धी तल्लख होती.

खोलीची जमीन हाच समुद्र ठरला. तिच्यावर चौकोन आखण्यात आले. लहान लहान प्रतिकृती ही जहाजे, तर खडूच्या रेषा हे त्यांचे मार्ग. भोवती कापडी पडदे उभे केले होते. खेळणाऱ्या अधिकाऱ्यास पडद्यातील लहानशा झरोक्यातूनच पाहावे लागे. कारण अंधाऱ्या रात्री कप्तानालाही तेवढेच दिसते. जहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूने आणि पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढीत. ही हिरवी रेषा झरोक्यातून ओळखू येत नसे. प्रत्येक खेळी दोन मिनिटांची असे.

पूर्वीच्या लढायांचे अहवाल पुढे ठेवून हा डाव पुनःपुन्हा मांडण्यात आला. शत्रूच्या जागी बसून विचार करताच कोडे उलगडले. पाण्याखाली मंद चालणारी पाणबुडी पाण्यावर ताशी सुमारे १७ सागरी मैल वेगाने जाई; तांडा मात्र ताशी सात ते नऊ मैलच चाले. रात्री ती पाण्यावरूनच, मागील बाजूने तांड्यात शिरत असली पाहिजे. कारण मागे फारसे कोणी पाहत नसे. पाणतीर सोडून ती बुडी मारी, तांडा तिच्यावरून पुढे निघून जाई आणि ती मागच्या मागे निसटे!

मग उपायही सापडला. स्फोट होताच संरक्षक नौकांनी बाहेर न धावता तांड्याच्या पिछाडीस यावे आणि ध्वनियंत्राने पाणी धुंडाळावे. जीन लेडलॉ या तरुणीने या डावपेचाला थट्टेने ‘रास्पबेरी’ हे नाव दिले.

पुढे मॅक्स हॉर्टन हे नौसेनापती तेथे आले. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, पाणबुडीतून त्यांनी ‘हेला’ ही जर्मन युद्धनौका बुडविली होती. खेळात त्यांनी पाणबुडीची बाजू घेतली. पडद्याआडून संरक्षक नौका चालवीत होती जॅनेट ओकेल ही तरुणी. हॉर्टन पाच वेळा खेळले आणि पाचही वेळा हरले.

युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी या खोलीत शिकून गेले. मे १९४३ मध्ये जर्मनीच्या ४० हून अधिक पाणबुड्या नष्ट झाल्या आणि उत्तर अटलांटिकमधून त्यांना माघार घ्यावी लागली. रडार, लांब पल्ल्याची विमाने आणि गुप्त संदेशांची उकल यांचाही त्यात मोठा वाटा होता. तथापि संकटाच्या क्षणी काय करावे, हे संरक्षक नौकांवरील कप्तान या खोलीतच शिकले होते. समुद्रावर एक चूक शेकडो प्राण घेई. येथे ती ओल्या फडक्याने पुसून टाकता येई आणि डाव पुन्हा मांडता येई.

शब्दार्थ
पाणतीर – पाण्यातून जाऊन जहाजावर आदळणारे स्फोटक अस्त्र
झरोका – लहान खिडकी, भोक
पिछाडी – मागील बाजू

स्वाध्याय
१. संरक्षक नौका बाहेरच्या बाजूस का धावत?
२. खेळणाऱ्यास झरोक्यातूनच का पाहावे लागे?
३. पाणबुडी तांड्यात कशी शिरत असे, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : दबा धरून बसणे, कोडे उलगडणे, वर्मी लागणे.