बिटकॉइनचा ब्लॉक वेळेवर का येत नाही?

बिटकॉइनमध्ये दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो, असे सांगितले जाते. व्यापारी बांधवांनी हे वाक्य जपून वाचावे. दहा मिनिटे ही सरासरी आहे, वेळापत्रक नव्हे.

ब्लॉक म्हणजे सर्वांच्या सामाईक खातेवहीचे एक पान. आपली रक्कम त्या पानावर चढली आणि वर आणखी पाच पाने पडली, की सौदा पक्का समजण्याचा रिवाज आहे. सरासरीने याला एक तास लागतो. पण हिशेब मांडला तर शंभरात अकरा-बारा वेळा दीड तासाहून जास्त वेळ जातो. टेम्पोत माल भरून पैशाची वाट पाहणाऱ्याला हा फरक चांगलाच कळतो. म्हणून सौद्याच्या कागदावर ‘एका तासात’ असे न लिहिता ‘सहा ब्लॉकनंतर’ असे लिहावे. (हे चलन घ्यावे की नाही, हा प्रश्न आज बाजूला ठेवू.)

असे का होते? पान लिहिण्याचा हक्क सोडतीने मिळतो. जगभरचे संगणक सतत आकडे लावून पाहतात. ज्याचा आकडा बसला त्याचे पान. वीस मिनिटे वाट पाहिली म्हणून ब्लॉक जवळ आला असे नाही. पुढची सरासरी पुन्हा दहाच मिनिटे! चारशे ब्लॉकमध्ये साधारण एक तर तासाहून जास्त वेळ घेतो.

बिटकॉइनमध्ये दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, या सोडतीचे कोडे सोपे किंवा अवघड केले जाते. २०२१ मध्ये चीनने बंदी घातल्यावर तिथली यंत्रे बंद पडली, ब्लॉक रेंगाळले, आणि ३ जुलै २०२१ रोजी कोडे सुमारे २८ टक्क्यांनी सोपे झाले. सरासरी जागेवर आली, सोडत मात्र सोडतच राहिली.

घाईचा इलाज कसा अंगाशी येतो ते बिटकॉइन कॅशमध्ये दिसले. ऑगस्ट २०१७ मध्ये वेगळ्या झालेल्या या चलनात नियम होता की सहा ब्लॉकना बारा तासांहून जास्त लागले तर कोडे २० टक्के सोपे करायचे. यंत्रवाले हुशार! कोडे अवघड असताना ते बिटकॉइनकडे जात, सोपे झाले की परत तुटून पडत. कधी ब्लॉकांचा पूर, कधी तासन्‌तास दुष्काळ. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो नियम काढला. नोव्हेंबर २०२० पासून प्रत्येक ब्लॉकला वेळापत्रकाशी ताळा घेतला जातो. दोन दिवस मागे पडले तर कोडे निम्मे होते. चढउतार बराच शमला.

इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये ही शर्यतच बंद केली. तिथे आता दर बारा सेकंदांची पाळी असते आणि पाळी कोणाची हे आधीच ठरते. त्याचे यंत्र बंद असेल तर जागा रिकामी जाते, पुढचा ब्लॉक चोवीस सेकंदांनी. मात्र पाळीत नाव लागण्यासाठी किमान ३२ ईथर अनामत ठेवावे लागतात, आणि वेळेवर आलेले पानही कायमचे पक्के व्हायला साधारण तेरा मिनिटे घेते.