घोड्याला विषाचा उतारा ठाऊक कसा?

प्रश्न : आमच्या शेतात घोणस निघते. सर्पदंशावरचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून बनतं म्हणे. कधी न पाहिलेल्या विषावर त्याच्या शरीराकडे उतारा येतो कुठून?
— एक वाचक, लोणार

उत्तर : उतारा बनवणाऱ्या पेशी विष येण्याआधीच हजर असतात! माणूस असो वा घोडा, अशी प्रत्येक पेशी, म्हणजे बी-पेशी, घडताना प्रतिपिंडांच्या, म्हणजे विषाला पकडणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडते; प्रत्येक पेशीची जोडणी वेगळी. शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये हे दाखवलं. १९८७ चं नोबेल त्यासाठीच. माणसात जनुकं वीस हजारांच्या आसपास, प्रतिपिंडं मात्र कोट्यवधी प्रकारची. मला जीवशास्त्रात याहून विलक्षण काही वाटत नाही.

हाफकिनसारख्या संस्था घोड्यांना नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषाचे वाढते डोस देतात. विषाशी जुळणाऱ्या पेशी तेव्हा झपाट्याने वाढतात. त्यांतलं एआयडी नावाचं विकर प्रतिपिंडांच्या जनुकांत बारीक बदल करत राहतं. त्यांतल्या घट्ट पकडीच्या पेशी टिकतात.

जनुकांच्या या कापाकापीत धोकाही आहे. माणसातल्या बर्किट लिम्फोमा या बी-पेशींच्या कर्करोगात बहुधा आठव्या गुणसूत्रावरचं, पेशीवाढीला चालना देणारं मिक जनुक चौदाव्यावरच्या प्रतिपिंड-जनुकाशेजारी जाऊन बसतं आणि पेशी बेसुमार वाढते. एरवी दुरुस्तीची प्रथिनं तुटलेली टोकं वेळीच सांधतात.