प्लॅस्टिकचे आच्छादन आणि जमिनीचे आरोग्य

नारायणगाव, संगमनेर यांसारख्या टोमॅटोच्या पट्ट्यांत लागवडीच्या दिवसांत शेतोशेती चंदेरी पट्टे दिसतात. शेतकरी त्यास ‘मल्चिंग पेपर’ म्हणतात. वस्तुतः तो कागद नसून पॉलिथिनचे पातळ आवरण असते. गादीवाफ्यावर ठिबकची नळी, तीवर हे आवरण, कडा मातीत दाबलेल्या आणि ठराविक अंतरावरील छिद्रांतून रोपांची लावणी, अशी ही पद्धत होय.

तिचे लाभ वादातीत आहेत. आवरणाच्या काळ्या बाजूमुळे मातीपर्यंत प्रकाश पोहोचत नाही, त्यामुळे तण वाढत नाही व खुरपणीची मजुरी वाचते. बाष्पीभवन घटते. चंदेरी बाजूवरून परावर्तित होणारा प्रकाश मावा व फुलकिडे यांना काही अंशी दूर ठेवतो. म्हणूनच फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हेक्टरी ३२ हजार रुपये खर्च गृहीत धरून त्याच्या निम्म्या अनुदानाची तरतूद करण्यात आली होती.

तथापि पीक निघाले की आच्छादनाचा हिशेब संपला, अशी जी समजूत आहे ती घातक आहे. दीड मीटर अंतरावरील वाफ्यांवर सव्वा मीटरहून किंचित कमी, म्हणजे १.२ मीटर रुंदीचे २५ मायक्रॉन जाडीचे आवरण अंथरल्यास हेक्टरी सुमारे १८० किलो प्लॅस्टिक शेतात जाते. त्यातील दशांश जरी मातीत राहिले, तरी प्रत्येक हंगामास १८ किलोंची भर पडते. पॉलिथिन शेणखताप्रमाणे कुजत नाही. रोटाव्हेटरखाली त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. पाण्याचा निचरा व मुळांची वाढ अडते, गांडुळांनाही उपद्रव पोहोचतो.

चीनचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानकडून हे तंत्र तेथे गेले आणि शिंजियांगच्या कापूस-क्षेत्रात सर्वत्र पसरले. उत्पादन वाढले, परंतु अतिशय पातळ आवरणे गोळा करता येईनात. शेतात साचलेल्या या अवशेषांना तेथे ‘श्वेत प्रदूषण’ असे नाव पडले. अखेरीस २०१७ च्या मानकान्वये किमान जाडी ८ वरून १० मायक्रॉन करण्यात आली. आपल्याकडे तीन-चार महिन्यांच्या भाजीपाल्यास २५ मायक्रॉनची शिफारस आहे. त्याहून पातळ माल स्वस्त पडतो, पण उचलताना तो हातात चिंधी होऊन येतो. तेव्हा अनुदानाची पाहणी करताना आवरण अंथरले काय, एवढेच न पाहता त्याची जाडी आणि पुढे ते उचलले काय, हेही पाहिले पाहिजे.

उसाचे पाचट, वाळलेले गवत किंवा भाताचा पेंढा ही आच्छादने कुजून जमिनीस सेंद्रिय द्रव्य देतात. जेथे पाचट जाळले जाते, तेथे ते जवळच्या भाजीपाल्याच्या शेतात आणणे शहाणपणाचे. मात्र कडबा जनावरांच्या तोंडचा काढून वाफ्यावर पसरा, असे दुष्काळी भागात कोणी सांगू शकणार नाही. तेथे प्लॅस्टिक राहणारच.

अशा ठिकाणी काढणीची रीत महत्त्वाची ठरते. प्रथम नळ्या व झाडे काढावीत, दाबलेल्या कडा कुदळीने मोकळ्या कराव्यात, माती झटकून आवरणाची गुंडाळी करावी. तोवर शेतात नांगर घालू नये. मातीने माखलेला माल भंगारवाला सहसा घेत नाही आणि मग तो बांधावर पेटवला जातो. त्या धुराचा त्रास साऱ्या वस्तीला होतो. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी गावातील अशा कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही सोपविली आहे. गावात ५० हेक्टरांवर आच्छादन असेल, तर हंगामाअखेर सुमारे ९ टन माल निघेल. त्यासाठी छपराची कोरडी जागा, वजनकाटा आणि खरेदीदाराशी आधीच झालेली बोलणी एवढी तयारी पंचायतीने लागवडीपूर्वीच करून ठेवणे इष्ट होय.