सागरातील कचरा आणि गावाची जबाबदारी

सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या परिसरात, कृष्णा आणि सावित्री या दोन नद्या उगम पावतात. सावित्री पश्चिमेस उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. कृष्णा पूर्वेस वळते आणि शेकडो किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जाते. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरीही त्याच उपसागरास मिळते, व विदर्भातील वैनगंगेचे पाणी प्राणहितेच्या वाटे तिच्यातच जाते. तापी सुरतेजवळ सागरास मिळते. याचा अर्थ असा की, समुद्र ज्यांनी कधी पाहिलाही नाही, अशा गावांचाही समुद्राशी रोजचा संबंध आहे. गावच्या ओढ्यात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी वाटेत कोठे अडकली नाही, तर ती अखेर समुद्रातच पोहोचते. म्हणूनच सागराचे प्रदूषण हा केवळ किनाऱ्यावरील जिल्ह्यांचा प्रश्न नव्हे.

कचरा येतो कोठून?

समुद्रातील कचरा जहाजांतून येतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. त्यातील बराच मोठा भाग जमिनीवरून येतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासानुसार, २०१० या एका वर्षात १९२ सागरतटीय देशांतून सुमारे ४८ लाख ते १२७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेले असावे.

याची रीत समजून घेण्यासारखी आहे. उन्हाळाभर नाल्यांत, बाजाराच्या मागे व नदीकाठी कचरा साचत राहतो. पावसाच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर तो वाहून खाडीत येतो. ओहोटी त्याला बाहेर नेते, भरती पुन्हा आत आणते. पावसाळ्यातील नैर्ऋत्येचे वारे तरंगता कचरा किनाऱ्याकडे लोटतात. मुंबईत मोठ्या भरतीनंतर चौपाट्यांवर कचऱ्याचे जे ढीग दिसतात, ते आपणच टाकलेल्या वस्तूंचे परत आलेले ढीग होत. जे परत येत नाही, ते कांदळवनांच्या मुळांत अडकते किंवा तळाच्या गाळात जाऊन बसते.

हानीचे स्वरूप

शेणामातीचा, पालापाचोळ्याचा कचरा कुजतो. प्लॅस्टिक कुजत नाही. ऊन व लाटा यांमुळे त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. पाच मिलिमीटरहून लहान अशा कणांस सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. हे कण मासे, कोलंबी व शिंपल्यांच्या शरीरात आढळले आहेत. समुद्री कासवे तरंगत्या पिशव्यांना जेलीफिश समजून गिळतात. तुटून समुद्रात राहिलेली नायलॉनची जाळी तर धनी नसतानाही मासे, कासवे अडकवीत राहतात.

या हानीचा पहिला फटका कोळी बांधवांना बसतो. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यात प्रवाहाबरोबर येईल ते सर्व शिरते. बोंबील आणि जवळा यांच्याबरोबर पिशव्या, चिंध्या व बाटल्या येतात. जाळे जड होते, फाटते. मासळी निवडण्यात वेळ जातो. मजुरी आणि डिझेल यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. गावाने फुकट टाकलेल्या कचऱ्याची किंमत अशा रीतीने दुसरेच कोणी मोजत असते.

कायदा काय सांगतो?

जहाजांवरून समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यास आळा घालणारा लंडन करार १९७२ साली झाला. जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखणाऱ्या ‘मार्पोल’ करारातील कचऱ्याविषयीचे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून अमलात आले. त्यानुसार कोणतेही प्लॅस्टिक समुद्रात टाकण्यास मनाई आहे. प्लॅस्टिकसंबंधी जागतिक करार करण्याचा ठराव मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे संमत झाला. परंतु ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हा येथील बैठकीतही करारावर एकमत होऊ शकले नाही.

आपल्या राज्याने मार्च २०१८ मध्ये अधिसूचना काढून प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्मोकोलच्या ताटवाट्या यांवर बंदी घातली. एकदाच वापरून फेकावयाच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत मत्स्यव्यवसाय तसेच आरोग्य व स्वच्छता यांचा उल्लेख आहे. जागतिक करार जहाजास अडवील. गावच्या ओढ्यावर लक्ष ठेवण्याचे काम मात्र ग्रामपंचायतीलाच करावे लागेल.

किनारा झाडणे पुरेसे आहे काय?

मुंबईतील वर्सोवा किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने नागरिकांनी आठवड्यामागून आठवडे श्रमदान केले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्राकडे जाताना दिसली. लोकांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. तरीही प्रत्येक पावसाळ्यात समुद्र तेथे नवा कचरा आणून टाकतो. यावरून एकच बोध घ्यावयाचा : किनारा झाडणे आवश्यक आहे, पण नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखे ते होऊ नये.

केरळात कोल्लमजवळील नींडकरा बंदरात २०१७ साली एक वेगळा उपक्रम सुरू झाला. मच्छीमारांनी जाळ्यात आलेले प्लॅस्टिक पुन्हा समुद्रात न टाकता बंदरावर आणावे, तेथे ते धुऊन, बारीक करून रस्त्याच्या डांबरात मिसळावे, अशी ही योजना होती. आणलेला कचरा घेण्याची बंदरावरच सोय असली, म्हणजे लोक सहकार्य करतात, हे तीवरून दिसते.

ग्रामपंचायतीने काय करावे?

पहिली गोष्ट मोजमापाची. एक आठवडाभर गावातील सुका कचरा तोलून पाहावा. किती आहे हे कळल्यावाचून व्यवस्था ठरविता येत नाही. दुसरी गोष्ट, ओला व सुका कचरा घरातच वेगळा करावा. ओल्याचे खत होते. सुका कचरा स्वच्छ असेल तरच भंगारवाला तो घेतो. तिसरी गोष्ट, कचरा टाकण्याची जागा ओढा, नदी वा खाडी यांच्या काठी असू नये. चौथी, मोठ्या नाल्यांच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या बसवून त्या पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात नियमित साफ कराव्यात; अन्यथा पाणी तुंबेल. कचरा जाळणे हा उपाय नव्हे. त्याने पाण्याचे प्रदूषण हवेत जाते, इतकेच.

किनाऱ्यावरील गावांनी मच्छीमार संस्थांच्या साहाय्याने प्रत्येक होडीवर एक गोणी ठेवावी व बंदरावर ती रिकामी करण्याची जागा नेमावी. पावसाळी मासेमारी बंदीत जाळी विणण्या-सांधण्याचे काम चालते. फाटकी जाळी गोळा करण्यास हाच काळ सोयीचा. मात्र कासवांच्या विणीच्या काळात वाळूवर यंत्रे फिरवू नयेत आणि वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल कचरा समजून उपटू नये.

शाळेसाठी एक पाठ

शिक्षकांनी ओढ्याच्या किंवा समुद्राच्या काठाचा शंभर मीटर लांबीचा एक पट्टा निवडावा. महिन्यातून एकदा, ओहोटीच्या वेळी व हातमोजे घालून, विद्यार्थ्यांनी तेथील कचरा वेचून त्याचे प्रकार पाडावेत : पिशव्या, बाटल्या, वेष्टने, जाळी, चपला. काच व सुया यांना मुलांनी हात लावू नये. प्रत्येक प्रकाराची संख्या तक्त्यात लिहून वर्षाअखेर आलेख काढावा. यातून गणित, भूगोल व विज्ञान हे तिन्ही विषय शिकविता येतील. हा तक्ता ग्रामसभेपुढे ठेवावा. कोणत्या वस्तू सर्वांत अधिक सापडतात हे मुलांनी दाखवून दिल्यावर बंदी कोठे कसोशीने अमलात आणावयाची, हे सांगावे लागणार नाही.

नारळी पौर्णिमेस आपण समुद्रास श्रीफळ अर्पण करतो. वर्षातील उरलेल्या दिवसांत आपण त्यास काय अर्पण करतो, याचा हिशेब प्रत्येक गावाने आपल्याच ओढ्याच्या काठावर उभे राहून केला पाहिजे. पुढील पावसाळ्यापूर्वी तेवढे झाले, तरी या कार्याचा योग्य प्रारंभ झाला असे म्हणता येईल.