चैत्रातील माळ

वसंत ऋतू म्हटला, की आम्रवृक्षांचा मोहर, कोकिळेचे कूजन आणि फुलांनी लवलेल्या वेली डोळ्यांपुढे उभ्या राहतात. सोलापूरच्या दक्षिणेस, विजापूरच्या रस्त्यावर वसलेल्या मंद्रूपच्या माळावर ह्यांतले फार थोडे आढळते. चैत्र लागेपर्यंत ज्वारीची काढणी होऊन शिवार मोकळे झालेले असते, माळावरचे कुसळी गवत वाळून पांढुरके पडते आणि सकाळचे नऊ वाजतात न वाजतात तोच ऊन चटके देऊ लागते. परक्याला हा प्रदेश उजाड वाटावा, ह्यात नवल नाही. परंतु पहाटे पाऊलवाटेने माळाकडे निघणाऱ्याला येथेही वसंताची भेट घडते; मात्र त्यासाठी दृष्टी झाडांच्या शेंड्यांवरून काढून भुईकडे वळवावी लागते.

गावाजवळ निंब फुललेला असतो. रुईच्या फुलांवर शिंजीर चोच खुपसून मध चाखतो. बांधावरच्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी रिकामी दिसतात. ती गेल्या पावसाळ्यातली. मोकळ्या शिवारावरून भोरड्यांचे अखेरचे थवे उडत असतात. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या ह्या पाहुण्या हिवाळ्यात ज्वारीच्या कणसांवर उतरतात, म्हणून शेतकरी त्यांना गोफणीने हाकलतो. मध्य आशियातील आपल्या मायदेशी परतल्यावर मात्र हीच भोरडी टोळ व नाकतोडे खाऊन पिके राखते. चीनच्या सिंक्यांग प्रांतात तर तिने घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिलेले आहेत. एकाच पाखराला एका देशी गोफण आणि दुसऱ्या देशी घर!

माळ लागला, की चंडोल गात गात आकाशात चढतो. त्याचे घरटे मात्र गवताच्या बुडख्याशी, जमिनीवरच असते. ऊन थोडे वर आले, की पखुर्ड्या पाणवठ्यावर उतरतात. पखुर्डीचा नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून दूर माळावरील पिलांकडे उडत जातो आणि पिले ती ओली पिसे चोचीत धरून तहान भागवतात. ही हकीकत १८९६ साली एका इंग्रज पक्षिपालकाने प्रसिद्ध केली, तेव्हा पुष्कळांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. १९६७ साली आफ्रिकेतील कलहारीच्या वाळवंटात शास्त्रज्ञांनी डोळ्यांनी पाहून ती खरी ठरवली.

खोकडाची पिलेही ह्याच दिवसांत माळावरील बिळाच्या तोंडाशी खेळतात. असे असूनही ह्या जमिनीला ‘पडीक’ म्हणण्याचा प्रघात आहे. पडीक म्हटली, की ती नांगरावी, नाही तर तिच्यावर खड्डे घेऊन झाडे लावावीत, असे वाटू लागते. झाडे लावणे चांगलेच. पण उघड्या गवतात राहणाऱ्या पाखराला दाट झाडी म्हणजे घर गमावणेच होय. सोलापूरच्या उत्तरेस नान्नज येथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तेथे तो क्वचितच दिसतो. साऱ्या देशात मिळून सुमारे दीडशेच माळढोक उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

ह्या माळावरची सर्वांत परिचित रहिवासी म्हणजे टिटवी. ती काड्या जमवीत नाही. जमिनीवरील उथळ खळगी, भोवती चार खडे, आणि त्यांत मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची बहुधा चार अंडी. खडे कोणते आणि अंडी कोणती, हे दोन हातांवरून पाहणाऱ्यालाही उमगत नाही. कोणी जवळ आले, की ती आकांत करीत त्याच्या डोक्यावरून घिरट्या घालते. बघ्याला त्या ओरडण्याची मौज वाटते आणि तो तेथेच उभा राहतो. तेवढ्या वेळात अंडी मात्र उघड्या उन्हात तापत असतात. नेहमी टिटवी त्यांच्यावर आपल्या अंगाची सावली धरते, पाण्यात पोट भिजवून येते आणि त्या ओलाव्याने त्यांना गार ठेवते. जाणता मेंढपाळ तिचा आवाज चढला, की मेंढरे दुसरीकडे वळवतो. तो शंभरएक पावले दूर गेला, की टिटवी खाली उतरते, थोडी चालते, थांबते, मान उंचावून चहूकडे पाहते आणि खड्यांच्या त्या खळगीवर अलगद बसते.