गुणांची रेषा

डिसेंबर महिन्यातील एका रविवारी महाराष्ट्रात तालुक्यातालुक्याच्या गावी एक निराळीच लगबग दिसते. एरवी सुट्टीच्या दिवशी ओस असणाऱ्या शाळांच्या फाटकांपाशी भल्या सकाळी मुलामुलींची गर्दी जमते. कोणी पहिल्या एस. टी.ने आलेले असते, कोणी वडिलांच्या दुचाकीवर मागे बसून थंडीत कुडकुडत आलेले असते, तर कोणी आपले प्रवेशपत्र पुनःपुन्हा चाचपून पाहत असते. ही सारी आठव्या इयत्तेतील मुले होत. ज्या परीक्षेसाठी ती आलेली असतात, तिचे नाव राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना परीक्षा.

केंद्र सरकारने ही योजना २००८ साली सुरू केली. पुढच्याच वर्षी झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि आठवीपर्यंतची वाट सुकर झाली. परंतु आठवी संपते, तेथे या हक्काची मर्यादाही संपते. नेमक्या याच वळणावर गरीब घरची कित्येक हुशार मुले शाळेला रामराम ठोकून कामाला लागतात. अशा मुलांचे शिक्षण बारावीपर्यंत अखंड चालावे, हा या योजनेचा हेतू होय. देशभरात दरवर्षी १,००,००० नव्या विद्यार्थ्यांना ही शिष्यवृत्ती देण्याची तरतूद असून त्यांपैकी ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याला येतात. निवड झालेल्या विद्यार्थ्यास दरमहा १,००० रुपये मिळतात. नववी ते बारावी या चार वर्षांत ही रक्कम ४८,००० रुपये होते. ज्यांच्या घरी मजुरीच्या पैशांवर चूल पेटते, त्यांना या रकमेचे मोल सांगावे लागत नाही.

परीक्षेत दोन प्रश्नपत्रिका असतात. बौद्धिक क्षमता चाचणीत तर्काला धार लावणारे ९० प्रश्न असतात. शालेय क्षमता चाचणीत विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २० असे आणखी ९० प्रश्न असतात. प्रत्येकीला वेळ ९० मिनिटांचा. म्हणजे एका प्रश्नास एक मिनिट. संध्याकाळी मुले घरी परततात, तेव्हा परीक्षा संपलेली असते. परंतु वाट पाहणे तेथूनच सुरू होते.

अशाच एका खेड्यातील शाळेत परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी एका मुलीने गुरुजींना विचारले, “गुरुजी, यंदा किती गुण पडले म्हणजे शिष्यवृत्ती मिळेल?” तिचे वडील दुसऱ्याच्या शेतावर राबत. गावातील शाळा आठवीपर्यंतच होती. “शिष्यवृत्ती मिळाली, तर पुढे शीक,” असे ते बोलून गेले होते. त्यामुळे तिच्या प्रश्नात केवळ कुतूहल नव्हते.

गुरुजी म्हणाले, “बाळ, ते आज कोणालाच ठाऊक नाही, पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेलासुद्धा नाही.”

“असे कसे, गुरुजी?” मागच्या बाकावरील एक मुलगा म्हणाला. “पास व्हायला किती गुण लागतात, हे आधीच ठरलेले असते ना?”

“ते ठरलेले असते खरे. दोन्ही प्रश्नपत्रिका मिळून १८० गुण. त्यांपैकी ४० टक्के, म्हणजे ७२ गुण मिळविणारा पात्र ठरतो. अनुसूचित जातीजमातींच्या मुलांना ही अट ३२ टक्क्यांची आहे. पण पात्र ठरणे निराळे आणि निवड होणे निराळे.” असे म्हणून गुरुजींनी खडू घेतला आणि फळ्यावर एकाखाली एक आठ संख्या लिहिल्या : १४१, १३६, १३३, १२८, १२४, १२१, ११८, ११०.

“समजा, ही आठ मुले आहेत आणि जागा आहेत पाच. तर निवड कोणाची होईल?”

“वरच्या पाच जणांची!” सारा वर्ग ओरडला.

गुरुजींनी १२४ च्या खाली एक आडवी रेघ ओढली. “हीच ती रेषा. ती कोणी आधी आखून ठेवलेली नसते. जागा जेथे संपतात, तेथे ती आपोआप पडते. आता पाहा हं!” त्यांनी सर्वांत वरचा १४१ हा आकडा पुसून टाकला. “हे मूल परीक्षेला बसलेच नसते, तर?”

क्षणभर वर्ग स्तब्ध झाला. मग ती मुलगी हळूच म्हणाली, “तर १२१ वाल्याची निवड झाली असती.”

“त्याचे गुण वाढले का?”

“नाही.”

“त्याची बुद्धी वाढली का?”

“नाही, गुरुजी.”

“मग हे ध्यानात ठेवा. रेषा आपल्या एकट्याच्या उत्तरांवर ठरत नाही, सर्वांच्या उत्तरांवर ठरते. प्रश्नपत्रिका सोपी निघाली, तर सर्वांचेच गुण वाढतात आणि रेषा वर सरकते. अवघड निघाली, तर ती खाली येते. म्हणून गेल्या वर्षीच्या रेषेवरून यंदाची रेषा सांगता येत नाही. आपल्या हाती आपले गुण असतात; रेषा नसते.”

गुरुजींनी आणखी एक गोष्ट समजावून दिली. साऱ्या राज्यासाठी एकच रेषा नसते. प्रत्येक जिल्ह्याच्या जागा निराळ्या ठरविलेल्या असतात. त्या ठरविताना जिल्ह्यातील १२ ते १४ वर्षे वयाची मुले किती आणि सातवी-आठवीत शिकणारे विद्यार्थी किती, हे विचारात घेतले जाते. जिल्ह्यातील जागा पुन्हा प्रवर्गांनुसार वाटल्या जातात. त्यामुळे गडचिरोलीच्या अरण्यातील मुलाची तुलना पुणे शहरातील मुलाशी होत नाही. ती त्याच्याच जिल्ह्यातील मुलांशी होते. ज्याला जसे पाणी मिळाले, तसे त्याचे पीक. तेव्हा एका शिवारातील पीक दुसऱ्या शिवारातील पिकाशी तोलू नये, हे या व्यवस्थेमागील तत्त्व आहे.

त्यानंतरचे दिवस त्या वर्गात निरनिराळ्या रीतींनी गेले. काही मुलांनी पुस्तके मिटून ठेवली. निकाल लागेपर्यंत त्यांना दुसरे काही सुचेना. काही जण रोज नवी वार्ता आणीत. “यंदा रेषा १३० वर जाणार,” असे एकाने कोणाकडून तरी ऐकावे आणि दुसऱ्याने सायंकाळपर्यंत ती १४० वर नेऊन ठेवावी! अशा वार्तांनी कोणाचा एक गुणही वाढला नाही. झोप मात्र पुष्कळांची उडाली.

त्या मुलीने निराळी वाट धरली. परीक्षा परिषदेने अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध केली, तेव्हा तिने आपली उत्तरे एकेक करून तिच्याशी ताडून पाहिली. एखादे उत्तर चुकीचे छापले गेले आहे असे वाटल्यास पुराव्यानिशी आक्षेप नोंदविता येतो, आणि अशा आक्षेपांचा विचार करून मगच अंतिम उत्तरसूची काढली जाते. एका उत्तराविषयी तिला शंका होती. तिने पाठ्यपुस्तक उघडले, तेव्हा सूची बरोबर व आपणच चुकलो, हे तिला दिसून आले. मग चुकलेले सारे प्रश्न तिने वहीत उतरवून घेतले आणि रोज चार-चार याप्रमाणे ते पुन्हा सोडविले. पुढे गुणयादी लागली, तेव्हा आपले नाव व प्रवर्ग बिनचूक नोंदले आहेत की नाहीत, हेही तिने गुरुजींकडून पाहून घेतले. प्रवर्गाची नोंद चुकली, तर मूल भलत्याच यादीत जाऊन पडते. वाट पाहण्याच्या दिवसांतही करण्याजोगे काम असते, ते हे.

अखेर निवडयादी लागली. तिला ११७ गुण मिळाले होते. तिच्या जिल्ह्यात, तिच्या प्रवर्गाची रेषा ११९ वर पडली होती. दोन गुणांनी तिची निवड हुकली.

त्या संध्याकाळी ती गुणपत्रक घेऊन वडिलांपुढे उभी राहिली. “बाबा, शिष्यवृत्ती मिळाली नाही,” ती म्हणाली. तिचा कंठ दाटून आला होता. तरी तिने गुरुजींची ती फळ्यावरची रेघ कागदावर ओढून वडिलांना दाखविली. वडिलांना फारसे वाचता येत नसे. आकडे मात्र समजत. १८० पैकी ११७ या आकड्यांकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी एवढेच विचारले, “ती तालुक्याची शाळा उघडते कधी?”

“पात्र” हा शब्द तितका पोकळ नाही, हे या परीक्षेच्या बाबतीत अन्य रीतीनेही दिसून येते. पात्र ठरूनही ज्यांची केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी निवड होत नाही, अशा मराठा व कुणबी समाजांतील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात सारथी या संस्थेने दरमहा ८०० रुपयांची निराळी शिष्यवृत्ती सुरू केली. रेषेच्या खाली राहिलेली मुलेही शिकविण्यास योग्यच असतात, याची ती एक प्रकारे कबुलीच होय.

उलटपक्षी, रेषेच्या वर आलेल्यांचेही काम संपत नाही. त्यांना शिष्यवृत्तीसाठी दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते, पहिल्याच प्रयत्नात वरच्या वर्गात जावे लागते आणि दहावीत किमान ६० टक्के गुण मिळवावे लागतात. अनुसूचित जातीजमातींच्या विद्यार्थ्यांना यात ५ टक्क्यांची सवलत असते. ज्याने यादीत नाव पाहून पुस्तके बाजूस ठेवली, त्याची शिष्यवृत्ती मध्येच थांबू शकते.

रेषा आवश्यक असते, कारण जागा मोजक्या असतात. परंतु ती जागा मोजते, माणसे मोजीत नाही. तिच्या वर असलेल्याने गर्व करू नये आणि खाली राहिलेल्याने स्वतःला उणे लेखू नये. परीक्षेसाठी सोडविलेले गणित, समजलेला विज्ञानाचा नियम आणि लागलेली अभ्यासाची सवय ही मिळकत रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखीच राहते. ती कोणतीही यादी हिरावून घेऊ शकत नाही.

स्वाध्याय

१. ही शिष्यवृत्ती आठवीनंतरच्या शिक्षणासाठी का ठेवली असावी?
२. “पात्र ठरणे निराळे आणि निवड होणे निराळे,” हे गुरुजींनी कसे पटवून दिले?
३. फळ्यावरील आठ संख्या वहीत लिहा. जागा पाचऐवजी सहा असत्या, तर रेषा कोठे पडली असती?
४. वडिलांनी शाळा कधी उघडते असे विचारले, त्यावरून त्यांच्या मनात कोणता विचार आला असावा?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : रामराम ठोकणे, कंठ दाटून येणे, ताडून पाहणे, उणे लेखणे.